एकास सत्त्याऐंशी

दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा बहुधा बुरुजापेक्षा उंच असतो. तटाच्या दारातून त्याला आत जाता येणार नाही, शेजारच्या तोफेत त्याचा पायही मावणार नाही, तरी कुणाच्या कपाळावर आठी पडत नाही. मावळे कुंभाराकडे मिळतात त्या मापाचे आणि किल्ला अंगणात जेवढी जागा असेल तेवढा, असा हा व्यवहार असतो. त्यात चिखल, हळीव आणि उत्साह पुरेसा असला की झालं. छोट्या रेल्वेचा छंद मात्र नेमका या ठिकाणी वेगळी वाट धरतो. तिथे माणूस, दार, खांब, डबा, चिमणी या सगळ्यांना एकाच आकड्याने भागायचं असतं. जगभर सर्वांत जास्त चालणाऱ्या मापात, ज्याला ‘एचओ’ म्हणतात, तो आकडा ८७ आहे. सात फुटांचं दार साडेचोवीस मिलिमीटरचं होतं, दीडशे फुटांची गिरणीची चिमणी साधारण सव्वापाचशे मिलिमीटरची, आणि साठ बाय नव्वद इंचांची सोलापुरी चादर साडेसतरा बाय सव्वीस मिलिमीटरची, म्हणजे टपालाच्या तिकिटाएवढी. एकदा हा भागाकार मान्य केला की सवलत कुणालाच नाही.

या छंदाचं नाव काढलं की डोळ्यांसमोर येतं ते इंजिन. ते धावतं, त्याला दिवा असतो, आवाज असतो. पण माझं म्हणणं असं की या छंदातला खरा मजकूर इंजिनात नसतो, तो इमारतींत असतो. इंजिन कुठल्या रेल्वेचं ते सांगतं. गाव कुठलं ते इमारत सांगते. एकच इंजिन दौंडलाही उभं राहील आणि वाडीलाही. मालधक्क्याच्या भिंतीचा दगड, छपराचा उतार, केबिनच्या जिन्याचा कठडा, गेटमनच्या चौकीपुढचा रांजण यांवरून मात्र मुलूख ओळखू येतो. आणि ज्यांना हे काम नुसतं पोरखेळ वाटतं, त्यांनी एखादी खरी इमारत एकास सत्त्याऐंशी मापात उभी करून पाहावी. आपण रोज जिच्यावरून जातो तिच्याविषयी आपल्याला काय काय ठाऊक नाही, याची यादी संध्याकाळपर्यंत हातात येते.

पण सुरुवात बहुतेकांची तयार किटनेच होते, आणि तसं होणं चांगलंच. प्लास्टिकच्या चौकटींना लगडलेले भाग असतात: भिंती, खिडक्या, कौलांचे तुकडे, पन्हळी. ते चिमट्याने तोडायचे, कडा पॉलिश पेपरने घासायच्या, आणि प्लास्टिकचे दोन्ही पृष्ठभाग किंचित वितळवून एक करणाऱ्या पातळ द्रावाने जोडायचे. फेव्हिकॉलचा इथे उपयोग नाही. तो कागदाचा आणि लाकडाचा दोस्त. जर्मनीत ब्लॅक फॉरेस्टमधल्या ग्यूटेनबाख गावात फालर बंधूंनी १९४६ मध्ये सुरू केलेली कंपनी आणि अमेरिकेतली १९३२ पासूनची वॉल्थर्स ही या बाजारातली मोठी नावं. त्यांच्या किटने हाताला वळण लागतं यात शंका नाही. पण त्यातलं घर नीट पाहिलं तर ते त्याच्या हवामानाची जणू कुंडली असतं. छप्पर उभट, कारण वर बर्फ साचता कामा नये. लाकडी चौकटींच्या भिंती, कारण आसपास जंगल. खिडक्यांना घट्ट झडपा, कारण बाहेर गोठवणारी थंडी. तेच घर सोलापूरच्या पार्श्वभूमीवर ठेवा. इथे पाऊस बेताचा आणि ऊन बेसुमार, म्हणून जुन्या घरांना मातीचं सपाट माळवद आणि जाड भिंती. खाली बेसॉल्टचा काळा पत्थर, म्हणून दगडी बांधकामाला लाकडी चौकटीची गरज नाही. किटमधलं ते देखणं घर इथे लग्नाला चुकून आलेल्या पाहुण्यासारखं दिसतं. नुसता रंग बदलून ते सोलापूरचं होत नाही, कारण चूक रंगात नाही, छपराच्या कोनात आहे.

मग सोलापूरच्या इमारतींची किट का मिळत नाहीत? यात कुणाची अनास्था शोधायला नको, हिशोब साधा आहे. वितळलेलं प्लास्टिक दाबाने ज्या पोलादी साच्यात भरतात तो साचा कमालीचा महाग असतो. त्यातून निघणारा एकेक नग मात्र स्वस्त. म्हणजे हजारो नग खपले तरच साच्याचा खर्च भरून निघतो, आणि हजारो नग खपायचे तर इमारत अशी हवी की जी अनेक गावांत ‘चालून जाईल’. थोडक्यात, जी इमारत कुठल्याच एका गावची नाही तिचीच किट निघते. ज्याला आपल्या मुलखाची इमारत हवी आहे त्याने कटर आणि स्टीलची पट्टी घेऊन बसायचं, दुसरा मार्ग बराच काळ नव्हता. या अडचणीला मी अडचण मानत नाही. सोलापूरकर मॉडेलकाराला तिने थेट छंदाच्या सर्वांत चांगल्या भागात नेऊन सोडलं आहे.

आणि मालमसाला तर या जिल्ह्यात मुबलक. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला पोहोचली ती ब्रॉडगेज, म्हणजे रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर. १८८४ मध्ये सदर्न मराठा रेल्वेची गदगकडे जाणारी मीटरगेज आली, १००० मिलिमीटर. आणि १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीला अडीच फुटी छोटी गाडी सुरू झाली, ७६२ मिलिमीटर. एका जिल्ह्यात तीन मापं. आता यांना ८७ ने भागा. ब्रॉडगेजचे होतात १९.३ मिलिमीटर, मीटरगेजचे ११.५, आणि बार्शी लाइनचे ८.८ च्या आत. बाजारात तयार रूळ मिळतात ते साडेसोळा, बारा आणि नऊ मिलिमीटरचे. मोठं माप युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजवरून ठरलेलं, त्यामुळे आपली ब्रॉडगेज त्यावर ठेवली की प्रत्यक्षातले साडेनऊ इंच गायब होतात, आणि जाणत्या डोळ्याला गाडी पोट आत ओढून उभी असल्यासारखी दिसते. मीटरगेज मात्र बारावर आणि बार्शी लाइन नऊवर जवळजवळ बिनचूक बसते. गंमत अशी की आज धावणारी गाडी मापात बसत नाही, आणि ज्या दोन गेज बदलात गेल्या त्या अगदी अंगच्या मापाने बसतात.

बार्शी लाइट रेल्वेची गोष्ट तर मॉडेलकारांनी मुद्दाम सांगावी अशी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने ती आखली. हलके रूळ, आणि इंजिन असो की डबा, कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार नाही, हे त्याचं सूत्र. त्यामुळे स्वस्तातल्या लाइनवर भरपूर माल ओढता येई. पुढे ती १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत गेली. एकूण लांबी सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. १९५४ मध्ये सरकारने ती विकत घेतली. याच कॅलथ्रॉपने बार्शीचा अनुभव गाठीला बांधून इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची अडीच फुटीच लाइन उभारली. १९०४ मध्ये उघडली, १९३४ मध्ये बंद झाली. उणीपुरी तीस वर्षं आणि सव्वाआठ मैल. ब्रिटनमधल्या छोट्या गेजच्या मॉडेलकारांनी ती लाइन इतक्या वेळा बनवली आहे की ती बंद पडली यावर विश्वास बसू नये. तिची थोरली बहीण, सुमारे शंभर वर्षं वारकऱ्यांना पंढरपूरला नेणारी, तिच्या एखाद्या स्टेशनची किट मात्र दुकानात मागून मिळायची नाही. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दहा-अकरा वर्षांत या लाइनचं टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झालं. लातूरकडचा मार्ग धाराशिव शहराला जोडण्यासाठी काही ठिकाणी वेगळाच आखला गेला, आणि जुन्या वाटेवरची स्टेशनं रुळांविना उरली. रूळ गेले की स्टेशनाची इमारत ही नुसती एक खोली असते. तिच्यात कडबा ठेवतात, किंवा तिचे दगड दुसऱ्या भिंतीला लागतात.

इथे एक आक्षेप रास्तपणे येतो. छोटी लाइन गेली हे चांगलंच झालं ना? कुर्डुवाडीला गाडी बदलताना डोक्यावर बोचकी घेऊन पळणाऱ्या माणसाला तिच्यात काव्य दिसत नव्हतं, आणि एका गेजच्या वॅगनमधला माल दुसऱ्या गेजच्या वॅगनमध्ये भरणाऱ्या हमालाला तर नाहीच नाही. हे खरं आहे. गेजबदल व्हायलाच हवा होता. मॉडेल करणं म्हणजे जुनं परत आणा असं म्हणणं नव्हे. उलट तो मालबदलाचा फलाट मापात बांधायला घेतला तरच कळतं की दोन्ही वॅगनची जमिनीची पातळी सारखी असेल तर पोतं आडवं सरकवता येतं, नसेल तर दर पोत्यामागे ते उचलावं लागतं. हमालाच्या पाठीचा हिशोब फलाटाच्या उंचीत असतो, आणि तो आठवणींच्या लेखांत सहसा सापडत नाही.

दुसरा आक्षेप याहून वजनदार. नोंदच ठेवायची तर फोटो काढा, ड्रोन उडवा, लेसरने स्कॅन करा. पुठ्ठा कापत बसण्याचं प्रयोजन काय? अचूक नोंदीसाठी मोजून काढलेलं रेखाचित्र मॉडेलपेक्षा वरचढ आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. मॉडेल थोडं खोटंही बोलतं, त्याकडे पुढे येतोच. पण फोटोला एकच बाजू असते आणि मॉडेलला चार भिंती लागतात. जुन्या स्टेशनांचे फोटो जवळपास नेहमी फलाटाकडून घेतलेले. मागे काय होतं? तिकीटबारी कुठल्या भिंतीत होती? पावसाचं पाणी छपरावरून कुठे पडायचं? स्कॅनने पृष्ठभाग मिळतो, पण खांब तिथेच का, हा प्रश्न स्कॅन करणाऱ्याला पडावाच असं नाही. कापणाऱ्याला पडतो, कारण त्याला तो खांब कशावर तरी टेकवायचा असतो. खांबाचं उदाहरण मुद्दाम घेतलं. आपल्या रेल्वेत जुने, झिजलेले रूळच उभे करून खांब म्हणून वापरण्याची रीत होती. कुंपणं, छपरांचे सांगाडे, पाट्यांचे खांब रुळांचेच. मॉडेलमध्येही छोट्या मापाच्या रुळाचा तुकडा उभा करून तो खांब होतो, आणि रूळ कुठल्या बाजूने वळवून बसवला होता हे फोटोत डोळे ताणून पाहावं लागतं.

मापं काढायची रीतही पाहण्यासारखी आहे. इमारत पडली असेल, फक्त फोटो उरला असेल, तरी रेल्वेच्या फोटोत एक फूटपट्टी बहुतेक वेळा आयतीच असते: रूळ. दोन रुळांमधलं अंतर ठाऊक आहे, मग त्याच अंतरावर, म्हणजे कॅमेऱ्यापासून तेवढ्याच लांब असलेल्या वस्तूची उंची त्रैराशिकाने निघते. मागची भिंत दूर असते, ती लहान दिसते. तिथे रूळ फसवतो. मग दुसरी फूटपट्टी शोधायची. विटांचं बांधकाम असेल तर थर मोजायचे. दगडी असेल तर दार धरायचं. उभा माणूस असेल तर त्याला साडेपाच फूट मानायचं आणि पगडीचे वजा करायचे. दोन-तीन वाटांनी काढलेली उत्तरं जवळजवळ आली तर माप धरावं, नाही आली तर फोटो परत पाहावा. इमारत उभी असेल तर स्टेशनमास्तरांना विचारून टेप लावलेला कधीही बरा.

आता मालधक्क्याचं पत्र्याचं छप्पर घेऊ. नालीदार पत्र्याच्या दोन नाल्यांमधलं अंतर असतं सुमारे तीन इंच. ८७ ने भागलं की ०.८७ मिलिमीटर. इतका बारीक नालीदार पुठ्ठा स्टेशनरीच्या दुकानात नसतो. मग पावडरच्या डब्याचं अॅल्युमिनियमचं सील घ्यायचं, जाड वर्तमानपत्राच्या घडीवर ठेवायचं, आणि शाई संपलेल्या बॉलपेनाने पट्टीच्या कडेने ओळी दाबत जायच्या, एक मिलिमीटरच्या आत एक. पहिल्या वीस ओळी तिरक्या जातात. मग हात बसतो. ही झाली चादर. पण पूर्ण छप्पर एकाच तुकड्याचं केलं तर ते बिस्किटाच्या पुड्यासारखं दिसतं, कारण खरा पत्रा आठ फुटी असतो. म्हणून तिचे अठ्ठावीस बाय नऊ मिलिमीटरचे तुकडे कापायचे आणि खालच्या ओळीवर वरची ओळ थोडी चढवत लावायचे. चार पत्रे जुने गंजलेले, एक अलीकडे बदललेला चकचकीत. गंजासाठी रांगोळीची विटकरी भुकटी कोरड्या कुंचल्याने चोळली तरी चालते. रुळांखालची खडीही अशीच: खरा खडा दोन इंचांचा, त्याचं माप साधारण ०.६ मिलिमीटर, म्हणजे क्रशरची कच बारीक चाळणीने चाळून मिळते. साबणाचं पाणी शिंपडून वर पातळ फेव्हिकॉलचे थेंब सोडले की ती रात्रीत धरते. साबण नसेल तर थेंब खडीवरून पाऱ्यासारखे घरंगळतात.

मॉडेलने नोंद ठेवता येते याचा सर्वांत ठोस पुरावा इंग्लंडमध्ये आहे. ऑस्ट्रेलियातून आलेल्या रॉय इंग्लंड नावाच्या माणसाला १९३० च्या सुमारास दिसलं की ऑक्सफर्डजवळच्या खोऱ्यातल्या शाकारलेल्या छपरांच्या झोपड्या बदलत चालल्या आहेत. गवती छपरं जाऊन पत्रे आणि फरश्या येत आहेत. तो त्या एकेक करून १:७६ मापात पुठ्ठ्याने बांधू लागला. त्यातून १९५४ पासून लाँग विटनहॅम इथलं पेंडन म्युझियम वाढलं. तिथल्या एकेका घरावर हजारभर तास खर्ची पडले आहेत, आणि परसातल्या वाफ्यांतली भाजीही आपापल्या मापात आहे. महाराष्ट्रात या छंदाचं सर्वांत ठळक ठिकाण पुण्यात कोथरूडला आहे: भाऊ जोशी यांनी उभारलेलं, १ एप्रिल १९९८ रोजी खुलं झालेलं छोट्या रेल्वेचं म्युझियम. सिग्नलसह धावणाऱ्या गाड्या, रस्ते, दिवे लागलेलं रात्रीचं शहर हे पाहायला पिढ्यान्‌पिढ्यांची मुलं आणि त्यांचे बाप जातात. दोन्हींचा हेतू वेगळा आहे. जोशींच्या मांडणीत यंत्र कसं चालतं याचा आनंद आहे आणि गाव त्या आनंदाचं नेपथ्य. पेंडनमध्ये गाव हाच विषय आणि गाडी त्याच्या कडेने जाते. माझा कल दुसऱ्या वाटेकडे आहे, पण पहिल्या वाटेने मुलं आत आली नाहीत तर दुसरीवर कुणी उरणार नाही, हेही दिसतं.

राहता राहिला जागेचा आणि पैशाचा प्रश्न, आणि इथे सोलापूरची नवी पेठच मदतीला येते. चोवीस डब्यांची आजची एक्स्प्रेस इंजिनासह एकास सत्त्याऐंशी मापात साडेसहा मीटरांहून लांब होते. म्हणजे तिचा फलाट फ्लॅटच्या हॉलमधून निघून शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात संपेल. शिवाय इंजिनं महाग, बाहेरून मागवलेली. पण इमारतीला मोटर नसते. माउंट बोर्ड, आइस्क्रीमच्या काड्या, अॅक्रिलिक रंग एवढ्यावर ती होते, आणि रूळ नसले तरी तिचं काही अडत नाही. नवी पेठेतल्या कापडाच्या दुकानांची एक ओळ घ्या. दहा फुटी दुकान पस्तीस मिलिमीटरचं, दोन मजले मिळून साधारण चौऱ्याऐंशी. दहा दुकानं म्हणजे पस्तीस सेंटिमीटर. मॉडेलकार अशा वेळी इमारतीचा फक्त दर्शनी भाग घेतात, दीड सेंटिमीटर खोलीचा, आणि तो मांडणीच्या मागच्या भिंतीला चिकटवतात. म्हणजे अख्खी रांग पुस्तकांच्या फडताळावर पुस्तकांपुढे उभी राहते. खाली शटर, वर एकमेकींना झाकणाऱ्या पाट्या, त्याच्यावर जुन्या मजल्याची लाकडी खिडकी आणि तिच्यातून काढलेलं एसीचं नळकांडं, आणि बाहेर टांगलेल्या त्या तिकिटाएवढ्या चादरी.

मघाशी म्हटलेलं खोटं बोलणं ते इथेच. गिरणीचं घ्या. सोलापूरची जुनी गिरणी १८७७ ची. तिच्यासारख्या गिरणीचे करवतीच्या दातांसारखे छपराचे रांगेने उभे असलेले चढ-उतार, उत्तरेकडून सावलीचा उजेड आत घेणारे, पूर्ण मापात करायचे तर खोली कमी पडेल. म्हणून दातांची संख्या कमी करतात. पण प्रत्येक दाताचा कोन, खिडकीची उंची आणि दाराचं माप कमी करत नाहीत. तीस दातांचे सहा झाले तर ती गिरणीच राहते. दात लहान केले तर गोठा होतो. कुठे खोटं बोललो आणि कुठे नाही, हे मॉडेलच्या तळाशी पेन्सिलीने लिहून ठेवायची शिस्त मात्र हवी. पुढे कुणी तेच मोजून इतिहास लिहायला नको.

आता साच्याची अडचणही सैल झाली आहे. नेमप्लेट आणि ट्रॉफ्या करणाऱ्यांकडे लेसर कटर असतो. संगणकावर काढलेल्या रेषेवर तो एमडीएफ आणि पुठ्ठा कापतो, आणि एकच नग कापला तरी त्याची तक्रार नसते. थ्रीडी प्रिंटरने खांबांचे कंस आणि दिवे होतात. जुने लोक म्हणतात की यात हाताचं काम कुठे राहिलं? मला ही तक्रार पटत नाही. यंत्र कापतं, मोजत नाही. चुकीचं माप दिलं तर ते चुकीचीच भिंत अतिशय सुबकपणे कापून देतं. उलट एखाद्याने बार्शी लाइनचं स्टेशन नीट मोजून त्याच्या रेषा काढल्या, तर त्याच फायलीवरून लातूर, मिरज किंवा बोस्टनमध्ये बसलेला दुसरा माणूस तेच स्टेशन उभं करू शकतो. हजार नग खपण्याची वाट पाहायला नको.

सगळ्यात शेवटी लागते ती स्टेशनची पाटी. पिवळ्यावर काळी अक्षरं, एक फुटाचं अक्षर साडेतीन मिलिमीटरचं; घरच्या प्रिंटरवर छापून पुठ्ठ्यावर चिकटवली तरी वाचता येते. दोन खांब उभ्या रुळांचे. नावाखाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची असते. छपराचा उतार फोटोवरून काढता येतो, दाराची उंची अंदाजता येते. हा आकडा मात्र कशानेही भागून मिळत नाही. ज्या स्टेशनाची पाटीच काढून नेली आहे त्याच्यासाठी जुनी कागदपत्रं आणि कुणाच्या तरी लग्नाच्या वऱ्हाडाचे फोटो धुंडाळायचे, आणि सापडेपर्यंत पाटीची तेवढी जागा पिवळी ठेवायची.